थायरॉइडच्या गाठीत लिम्फोसाइट दिसल्या, म्हणजे नेमकं काय समजायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या ताईंचं वय ३६. थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढली आहे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याच्या, रिपोर्टमध्ये १.४ सेंटिमीटरचा पॅपिलरी कार्सिनोमा (थायरॉइडच्या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार) आला आणि त्याखाली दोन ओळी आल्या. एक, उरलेल्या ग्रंथीत क्रॉनिक लिम्फोसायटिक थायरॉइडायटिस, म्हणजेच हाशिमोटोचा आजार, आहे. दुसरी, गाठीत आणि गाठीभोवती लिम्फोसाइट पेशींची (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दाट घुसखोरी आहे. सर्जन म्हणाले, हे चांगलं लक्षण. तुम्ही मात्र वाचलंत की प्रतिकारक पेशीच कॅन्सरला पसरायला मदत करतात. आता घरात एक बाजू म्हणते गुळवेल आणि अश्वगंधा सुरू करा, दुसरी म्हणते प्रतिकारशक्तीच बिघडली आहे तर ती दाबायला हवी. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला कॅन्सरवर सोडणारी औषधं, घ्यावी का, हेही विचारलंत. आणि जाता जाता लिहिलंत की ऑपरेशननंतर रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) ०.१ पेक्षा कमी आलं, पण सोनोग्राफीत मानेत दोन-तीन बारीक गाठी दिसल्या.

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. थायरॉइडच्या स्लाइड वाचण्यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्या दोन ओळींवरून गोंधळलेले नातेवाईक लॅबच्या दारात नेहमी भेटतात. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. या पेशी कॅन्सरच्या स्वभावाबद्दल काय सांगतात? त्यांच्यामुळे उपचार बदलतो का? आणि पुढच्या तपासण्या कशा वाचायच्या? माझं उत्तर असं: पहिल्याबद्दल त्या थोडंफार सांगतात, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, आणि तिसऱ्याबद्दल खूप काही. घरातला सगळा वाद दुसऱ्यावर चाललाय आणि तिसऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

ताईंची स्लाइड मी पाहिलेली नाही. गाठीचा उपप्रकार कोणता, गाठ ग्रंथीचं आवरण ओलांडून बाहेर गेली होती का, काढलेल्या लिम्फ नोडमध्ये (मानेतल्या लसिकाग्रंथींत) काय मिळालं, यावर बरंच अवलंबून आहे. पुढचं सगळं ते गृहीत धरून वाचा.

आधी त्या ओळी लिहिणाऱ्या माणसाला काय दिसतं ते सांगते. काचेवरचा पातळ काप गुलाबी आणि जांभळ्या-निळ्या रंगात रंगवलेला असतो. निरोगी थायरॉइडमध्ये गुलाबी द्रवाने भरलेल्या गोल पिशव्यांची रांगच्या रांग दिसते. हाशिमोटो असलेल्या ग्रंथीत, अगदी कमी भिंगातूनही, त्या गुलाबी पटलावर गडद निळे डाग उठून दिसतात. भिंग वाढवलं की कळतं, प्रत्येक डाग म्हणजे हजारो लिम्फोसाइटचा पुंजका आहे. कितीतरी पुंजक्यांच्या मधोमध फिकट गोल भाग असतो. त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात. एरवी ते लिम्फ नोडमध्ये असतं आणि तिथे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. थायरॉइडमध्ये ते दिसणं याचा अर्थ ग्रंथीच्या आतच प्रतिकारयंत्रणेचं एक ठाणं बसलं आहे. या सगळ्याच्या एका कडेला पॅपिलरी कार्सिनोमाची गाठ असते: झाडाच्या फांद्यांसारखी रचना, एकमेकांवर चढलेली फिकट केंद्रकं, त्यांवर उभ्या खाचा. गाठीच्या सीमेवर लिम्फोसाइट कधी दाट पट्टा करून थांबलेल्या असतात, कधी फांद्यांच्या देठात शिरलेल्या असतात, आणि कधी गाठीत एकही नसते. सगळ्या बाहेरच.

रिपोर्टमध्ये या वेगवेगळ्या चित्रांची एकच ओळ होते. तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हाशिमोटो हे नाव हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांचं. क्युशूमध्ये शिकत असताना काढून टाकलेल्या थायरॉइड ग्रंथी त्यांनी तपासल्या आणि १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत लिम्फोसाइटची ही गर्दी एका जर्मन नियतकालिकात वर्णन करून छापली. पुढे ते आपल्या गावी जाऊन साधी प्रॅक्टिस करत राहिले आणि १९३४ मध्ये वारले. आजार ऑटोइम्यून आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइडवर उलटते, हे कळायला १९५६ उजाडावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हाशिमोटो आणि थायरॉइडचा कॅन्सर एकाच ग्रंथीत वरचेवर सापडतात असं लिहिलं होतं. तेव्हापासून वाद चालू आहे: हाशिमोटोमुळे कॅन्सर होतो का?

यातली एक आकडेवारी मला फार बोलकी वाटते. २०१३ च्या एका आढाव्यात जुने अभ्यास दोन गटांत मांडले होते. ऑपरेशन करून काढलेल्या ग्रंथींवरच्या अभ्यासांत हाशिमोटोच्या रुग्णांपैकी सरासरी २७ टक्क्यांहून जास्त जणांत पॅपिलरी कॅन्सर होता. हाशिमोटोच्या रुग्णांची फक्त सुईने तपासणी केलेल्या अभ्यासांत तेच प्रमाण सरासरी १.२ टक्के होतं. एकाच आजाराचे आकडे इतके वेगळे येण्याचं मोठं कारण उघड आहे: ऑपरेशनपर्यंत तेच रुग्ण पोहोचतात ज्यांच्या गाठीबद्दल आधीच संशय असतो. शिवाय हाशिमोटोच्या रुग्णांची सोनोग्राफी वारंवार होते, त्यामुळे एरवी कधी कळल्याच नसत्या अशा बारीक गाठीही सापडतात. तेव्हा "हाशिमोटोकडे दुर्लक्ष केलं म्हणून ताईला कॅन्सर झाला" असं घरात कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. या आकड्यांतून तसं निघत नाही.

उलट दिशाही तितकीच खरी आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही: कॅन्सर स्वतःच सूज ओढवून आणू शकतो. पॅपिलरी कॅन्सरच्या काही गाठींत आरईटी नावाचं जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटलेलं असतं. २००५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हे चिकटलेलं जनुक माणसाच्या निरोगी थायरॉइड पेशींत घातलं. त्या पेशींनी लगेच दाह निर्माण करणारी, पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं बनवायला सुरुवात केली. म्हणजे ग्रंथीत आधीपासून पसरलेला हाशिमोटो वेगळा आणि गाठीने स्वतःभोवती जमवलेल्या लिम्फोसाइट वेगळ्या. ताईंच्या रिपोर्टमध्ये दोन्ही ओळी आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात.

आता सर्जनच्या वाक्याकडे येऊ. ते उगीच धीर द्यायला बोललेले नाहीत. हाशिमोटोसोबत सापडलेल्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये गाठ आवरणाबाहेर जाण्याचं, मानेच्या मधल्या भागातल्या नोडमध्ये पसरण्याचं आणि आजार उलटण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. बीआरएएफ जनुकातला, आक्रमक गाठींशी जोडला जाणारा कुप्रसिद्ध बदलही अशा गाठींत कमी वेळा मिळतो. पण इथेही हात राखून बोलायला हवं. हाशिमोटोच्या रुग्ण बहुतांशी स्त्रिया, वयाने तरुण, आणि गाठ लवकर सापडलेली. या तिन्ही गोष्टींमुळे निकाल मुळातच चांगला येतो. प्रतिकारक पेशींचा वाटा यातून नेमका वेगळा काढणं अवघड आहे. माझं स्वतःचं मत असं की वाटा आहे, पण एकट्या रुग्णाचं भविष्य त्यावर ठरवावं इतका मोठा नाही. ताईंचं भविष्य चांगलं आहे ते मुख्यतः वय, गाठीचा आकार आणि कॅन्सरचा प्रकार यांमुळे. पॅपिलरी कॅन्सरमध्ये दहा वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, आणि या वयात ते त्याहूनही चांगलं असतं.

मग तुम्ही वाचलेलं खोटं का? नाही, तेही खरं आहे. फक्त ते दुसऱ्या पेशींबद्दल आहे.

"प्रतिकारक पेशी" या एका नावाखाली परस्परविरोधी कामं करणाऱ्या पेशी येतात. टी-पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार; त्यांतल्या सीडी८ नावाच्या टी-पेशी बिघडलेल्या पेशीला ओळखून थेट मारतात. त्यांच्या शेजारीच रेग्युलेटरी टी-पेशी असतात आणि त्यांचं काम हल्ला आवरायचं. या आवरणाऱ्या पेशी नसत्या तर आपली यंत्रणा रोज आपल्याच अवयवांवर धावून गेली असती. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रुनकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. पण गाठीत त्यांची संख्या वाढली की कॅन्सरचं फावतं. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ज्या रुग्णांच्या नोडपर्यंत आजार गेलेला असतो त्यांच्यात या पेशी जास्त मिळाल्याच्या नोंदी आहेत. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात मारणारी आणि आवरणारी, दोन्ही पेशी सारख्याच दिसतात: छोटी, गोल, गडद निळी. वेगळी ओळखायला अँटीबॉडी लावून खास स्टेन करावे लागतात, आणि थायरॉइडच्या रोजच्या रिपोर्टसाठी ते कुणी करत नाही, कारण त्यावरून उपचार ठरत नाही. म्हणून नुसत्या "दाट" या शब्दावरून बाजू कळत नाही.

त्यात कॅन्सरच्या पेशीही हुशारी करतात. सीडी८ पेशीला शिकार ओळखायला पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू लागतात. अनेक पॅपिलरी गाठींत हे रेणू कमी केलेले असतात. मारणारी पेशी शेजारी उभी असूनही तिला समोर काही दिसत नाही. काही गाठी पीडी-एल१ हा रेणू पुढे करतात, तो टी-पेशीवरच्या पीडी-१ ला जाऊन भिडला की तिचा जोर ओसरतो.

सर्वांत जास्त गडबड करणाऱ्या पेशी मात्र लिम्फोसाइट नव्हेत. त्या मॅक्रोफेज. जखम झाली की या पेशी आधी मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करतात, मग नव्या रक्तवाहिन्या बोलावतात, आजूबाजूचं ऊतक सैल करतात आणि हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटना शांत करतात. जखम भरायची तर हे सगळं हवंच. पण वाढणाऱ्या गाठीलाही नेमकं हेच हवं असतं: रक्तपुरवठा, पसरायला मोकळी वाट, आणि शांत बसलेल्या टी-पेशी. बीआरएएफचा बदल असलेल्या थायरॉइड पेशी सीएसएफ-१ आणि सीसीएल२ ही रसायनं सोडून मॅक्रोफेज बोलावतात. उंदरांमध्ये हे बोलावणं औषधाने अडवलं तर गाठी लहान राहिल्या आणि कमी आक्रमक झाल्या, असं न्यूयॉर्कच्या गटाने दाखवलं आहे.

याचं टोकाचं रूप म्हणजे ॲनाप्लास्टिक कॅन्सर. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये तो दोन टक्क्यांहून कमी, पण वैद्यकातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या आजारांपैकी एक. अशा गाठीच्या कापावर मॅक्रोफेज दाखवणारा सीडी१६३ चा स्टेन केला तर पूर्ण पटल तपकिरी होतं. फाटे फुटलेल्या पेशी एकमेकींत हात गुंतवून जाळं विणतात आणि कॅन्सरच्या पेशी त्या जाळ्याच्या भोकांत बसलेल्या दिसतात. गाठीतल्या निम्म्याहून जास्त पेशी मॅक्रोफेज असू शकतात. पहिल्यांदा हा स्टेन पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी विचारते, यात गाठ कुठली ते दाखव. पटकन दाखवता येत नाही. तुम्ही नेटवर वाचलेले लेख बहुधा या, आणि आक्रमकपणात याच्या एक पायरी खालच्या पुअरली डिफरन्शिएटेड कॅन्सरबद्दल आहेत. तिथे मॅक्रोफेज जितक्या जास्त तितकं भविष्य वाईट, हे २००८ मध्येच दिसून आलं. ताईंच्या आजाराशी त्याचा संबंध जोडू नका.

पॅपिलरी कॅन्सरच्या घरातलंच एक उदाहरण मात्र सांगायला हवं, कारण "लिम्फोसाइट दिसल्या की बरं" हे सरसकट विधान तिथे कोसळतं. डिफ्यूज स्क्लेरोझिंग नावाचा एक उपप्रकार आहे. तो तरुणांत होतो, एक गाठ न बनवता पूर्ण लोबभर (ग्रंथीच्या एका बाजूच्या अर्ध्या भागात) पसरतो, आणि त्यात लिम्फोसाइट ठासून भरलेल्या असतात. रक्तात अँटीबॉडीही सापडतात, त्यामुळे कधी कधी हाशिमोटो समजून नुसत्या गोळ्या चालू राहतात. आणि निदान होतं तेव्हा बहुतेकांच्या मानेतल्या नोडमध्ये आजार पोहोचलेला असतो. सोनोग्राफीत ग्रंथीभर विखुरलेले कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, तो त्याचा माग. याउलट वॉर्थिनसारखा उपप्रकार: त्याच्याही फांद्यांचे देठ लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी गच्च भरलेले, पण वागणूक साध्या पॅपिलरीसारखी, सौम्य. पेशी तितक्याच, स्वभाव वेगळा. म्हणून रिपोर्ट हातात घेतलात की "उपप्रकार" किंवा "व्हेरियंट" या शब्दापुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे "क्लासिक" लिहिलं असेल तर लिम्फोसाइटची ओळ तुम्हाला घाबरवणारी नाही.

इथवरचं एकदा पक्कं करून घ्या. हाशिमोटोसोबतचा पॅपिलरी कॅन्सर सरासरीने थोडा सौम्य वागतो. त्याचा पुरावा आहे, पण तो भक्कम नाही. कॅन्सरला हातभार लावणाऱ्या पेशी मुख्यतः मॅक्रोफेज आणि रेग्युलेटरी टी-पेशी, आणि त्यांचं राज्य आक्रमक प्रकारांत जास्त. आणि "दाट" या शब्दापेक्षा उपप्रकाराचा शब्द वजनदार.

आता घरातला वाद. प्रतिकारशक्ती "वाढवायला" ताईंना काहीही देऊ नका. यावर मी ठाम आहे. हाशिमोटो असलेल्या बाईची प्रतिकारयंत्रणा अशक्त नसते. ती जागी आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी जागी आहे. तिला आणखी डिवचून ती शहाणी होऊन कॅन्सरकडे वळेल, असं मानायला काही आधार नाही. अश्वगंधेने काही जणांत थायरॉइड हार्मोन वाढल्याचं दिसलं आहे. ताईंचा हार्मोनच्या गोळीचा डोस टीएसएचवर (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनच्या रक्तातल्या पातळीवर) बेतलेला आहे, तो हिशेब त्याने बिघडतो. गुळवेलीबद्दल तर आपल्याकडचाच अनुभव आहे. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि यकृतातलं चित्र ऑटोइम्यून आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. तरीही ज्यांना आधीच एक ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी हा धोका पत्करू नये. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबण्याचं, तितकंच चूक. हाशिमोटोसाठी स्टेरॉइड द्यायची पद्धत नाही, आणि ग्रंथी काढल्यावर तर दाबायला लक्ष्यच उरलेलं नाही.

इम्युनोथेरपीबद्दल. पीडी-१ अडवणाऱ्या औषधांमुळे मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), फुप्फुसाचा कॅन्सर यांत मोठा फरक पडला. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल त्याच कल्पनेसाठी. पण ती चालायला गाठीत जनुकीय बदल भरपूर लागतात, म्हणजे टी-पेशीला परकं काही तरी दिसतं. पॅपिलरी कॅन्सर या बाबतीत फार शांत आहे, त्यात बदल अगदी कमी. पसरलेल्या आणि पीडी-एल१ दाखवणाऱ्या २२ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ अडवणारं औषध दिलं तेव्हा फक्त दोघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. ॲनाप्लास्टिकमध्ये याच जातीच्या स्पार्टालिझुमॅबच्या चाचणीत ४२ पैकी १९ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. तिथे दुसरं हाताशी फारसं नसल्यामुळे तेवढंही मोलाचं. पूर्ण काढून टाकलेल्या १.४ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ही औषधं नाहीत. शिवाय त्यांचा एक ठरलेला दुष्परिणाम कोणता, तर थायरॉइडची सूज आणि नंतर हार्मोनची कमतरता. आवरणाऱ्या हाताला बाजूला सारलं की यंत्रणा सगळ्यात आधी ज्या अवयवांवर धावते त्यांत थायरॉइड आहे, आणि ग्रंथीचं प्रतिकारयंत्रणेशी किती जवळचं नातं आहे ते यातून कळतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून केलेल्या कार-टी उपचाराबद्दलही (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात) नातेवाईक विचारतात. २०२३ मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, थायरॉइडसाठी नाही.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले. ताईंचं थायरोग्लोब्युलिन ०.१ पेक्षा कमी आलं म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. त्याच कागदावर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडीचा आकडा आहे का? तुम्ही तो लिहिलेला नाही. लिम्फोसायटिक थायरॉइडायटिसची ओळ असलेल्या रुग्णात त्या आकड्याशिवाय थायरोग्लोब्युलिनवर भरवसा ठेवता येत नाही.

कारण असं. थायरोग्लोब्युलिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, निरोगी असोत वा कॅन्सरच्या. पूर्ण ग्रंथी काढल्यावर ते रक्तात दिसलं तर कुठेतरी थायरॉइडची पेशी उरली आहे, असा अर्थ. लॅबमधली नेहमीची चाचणी दोन अँटीबॉडी वापरते: एक त्या प्रथिनाला पकडून ठेवते, दुसरी त्याच्यावर येऊन बसते आणि मोजमापाचा सिग्नल देते. ताईंच्या ग्रंथीत जी जर्मिनल सेंटर होती त्यांनी याच प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या असतील, तर त्या रक्तात आधीच त्याला चिकटलेल्या असतात. चाचणीच्या अँटीबॉडीला बसायला जागा मिळत नाही, आणि यंत्र "नाही" सांगतं. प्रथिन असूनही. सर्वसाधारण लोकांत दहा टक्क्यांच्या आसपास जणांत या अँटीबॉडी असतात, थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णांत सुमारे चौघांत एकाकडे, आणि हाशिमोटो असेल तर त्याहून पुष्कळ जास्त.

अँटीबॉडी सापडल्या तर चाचणी वाया गेली असं मात्र नाही. तेव्हा अँटीबॉडीचा आकडाच खूण म्हणून वापरायचा. समजा, ऑपरेशननंतर तो ३२० होता, सहा महिन्यांनी १८०, वर्षाने ९०. थायरोग्लोब्युलिन बनवणारं काही उरलेलं नाही, म्हणून प्रतिकारयंत्रणेची आठवण हळूहळू पुसते आहे. हे चांगलं चित्र. पूर्ण शून्यावर यायला दोन-तीन वर्षंही लागतात, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण ९० वरून १५०, मग २६० असा चढत गेला, तर थायरोग्लोब्युलिन ०.१ च्या खाली असलं तरी मानेची नीट सोनोग्राफी आणि गरज पडल्यास पुढचा शोध हवा. रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिल्यावर काही महिने आकडा तात्पुरता वाढतो, तो अपवाद लक्षात ठेवा. इतर कुणी हे वाचत असेल आणि त्यांची अर्धीच ग्रंथी काढलेली असेल, तर हा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही; उरलेला लोब दोन्ही गोष्टी बनवत राहतो.

प्रत्येक वेळी थायरोग्लोब्युलिन आणि अँटीबॉडी एकाच सॅम्पलमधून, एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे अँटीबॉडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पुण्याच्या एका लॅबमधले ८० आणि मुंबईच्या दुसऱ्या लॅबमधले १४० हा चढ असेलच असं नाही. लॅब बदलावीच लागली तर एकदा दोन्हीकडे करून नवी सुरुवात पक्की करा. आणि केस गळतात म्हणून ताई बायोटिनच्या गोळ्या घेत असतील (थायरॉइडच्या खूप रुग्ण घेतात) तर तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा. काही यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटं कमी, अँटीबॉडी खोट्या जास्त दिसतात.

राहिल्या मानेतल्या बारीक गाठी. हाशिमोटोच्या रुग्णांत थायरॉइडच्या आसपासचे लिम्फ नोड कॅन्सर नसतानाही सुजलेले असतात, आणि ऑपरेशननंतरचे काही महिने तर ते जखमेमुळेही फुगतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये नोड लांबट आहे, मध्ये चरबीची पांढरी रेघ म्हणजे हायलम दिसतो आहे, असं लिहिलं असेल तर वाट पाहणं योग्य. गोल आकार, हायलम नाही, आत पाण्याची पोकळी किंवा कॅल्शियमचे कण, कडेने रक्तप्रवाह, अशी वर्णनं असतील आणि नोडची सर्वांत लहान बाजूही ८ ते १० मिलिमीटर असेल, तर सुईची तपासणी करतात. त्या वेळी डॉक्टरांना एक विनंती करा: सुईतलं द्रव्य स्लाइडवर पसरून झाल्यावर तीच सुई सलाइनमध्ये धुऊन त्या पाण्यातलं थायरोग्लोब्युलिन मोजायला द्या. नोडमध्ये हे प्रथिन भरपूर सापडलं तर तिथे थायरॉइडच्या पेशी आहेत हे कळतं, आणि रक्तातल्या अँटीबॉडी या मोजमापात सहसा फारसा अडथळा आणत नाहीत.

सोनोग्राफीला जाताना हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद सोबत न्या. लिम्फोसायटिक थायरॉइडायटिसची ती ओळ रेडिओलॉजिस्टच्या नजरेस पडली पाहिजे, म्हणजे सुजलेला नोड पाहताना तेही कारण त्यांच्या मनात राहील. अँटीबॉडीचा आकडा आला की इथे लिहा. ऑपरेशनच्या आधीचा एखादा जुना आकडा सापडला तर तोही शोधून ठेवा, तुलना करायला तोच सगळ्यात जास्त कामाला येईल.